प्रकाशवर्ष समजून घेताना: नागपूरच्या नकाशावर ताऱ्यांची अंतरे

प्रकाश निर्वातातून एका वर्षात जेवढे अंतर कापतो त्याला एक प्रकाशवर्ष म्हणतात, ही व्याख्या शाळेत शिकलेल्या बहुतेकांना आठवते आणि ते अंतर सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर भरते हेही अनेकांना सांगता येते. तरीही व्याधाचा तारा ८.६ प्रकाशवर्षांवर आहे किंवा देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे असे वाचल्यावर मनात कोणतेही अंतर उभे राहत नाही. एका मोठ्या आकड्याच्या जागी दुसरा मोठा आकडा येतो, एवढेच घडते. लाख कोटी किलोमीटर या मापाचा आपल्याला कसलाही अनुभव नसतो, आणि अनुभवाबाहेरच्या मापाने मोजलेली गोष्ट पाठ झाली तरी उमगत नाही. माझ्या मते यावर उपाय प्रमाणाचा आहे. पृथ्वीपासून सूर्य जितका दूर आहे त्याच्या किती पट म्हणजे एक प्रकाशवर्ष, हा एकच आकडा पक्का धरावा आणि तो आपल्या ओळखीच्या गावावर अंथरावा. बाकीचे बहुतेक सगळे त्यातून निघते. नागपूरकरांना हे विशेष सोपे आहे, कारण मोजणी जेथून सुरू करावी असा दगड शहराच्या मध्यभागी उभाच आहे.

यासाठी कागद, पेन्सिल, सेंटिमीटरची पट्टी आणि मोबाइलवरील नकाशा एवढे साहित्य पुरते. नकाशात दोन ठिकाणांमधले सरळ रेषेतील अंतर मोजण्याची सोय असते, तीच वापरावी. रस्त्याने जाण्याचे अंतर येथे उपयोगाचे नाही, कारण प्रकाश वळणे घेत जात नाही आणि रस्ते मात्र घेतात.

आधी गुणाकार, तोही स्वतःच्या हाताने

प्रकाशाचा निर्वातातील वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर आहे. हा आकडा आता प्रयोगशाळेत नव्याने मोजला जात नाही, कारण १९८३ मध्ये मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून निश्चित करण्यात आली आणि त्यामुळे हा वेग व्याख्येनेच अचूक ठरला. वर्षाच्या बाबतीत खगोलशास्त्रात ज्युलियन वर्ष घेतात, म्हणजे बरोबर ३६५.२५ दिवस. लीप वर्ष धरायचे की नाही, हा प्रश्न त्यामुळे उरत नाही. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणून वर्षाचे ३,१५,५७,६०० सेकंद. या दोन संख्यांचा गुणाकार केला की सुमारे ९,४६,०७३ कोटी किलोमीटर मिळतात, आणि तेच एक प्रकाशवर्ष.

हा गुणाकार एकदा तरी हाताने करावा, असे मी आग्रहाने सांगेन. वेग सरळ ३ लाख किलोमीटर आणि वर्षाचे सेकंद ३.१५६ कोटी धरले तरी उत्तर ९.४७ लाख कोटी येते. चूक हजारात एकाहूनही कमी पडते आणि रोजच्या वाचनाला एवढी अचूकता भरपूर आहे. एकदा हा हिशेब हातातून गेला की प्रकाशवर्ष हे अंतराचे एकक आहे, याबद्दल शंका राहत नाही. वेगाला काळाने गुणले की अंतरच मिळते, आणि येथे काळ एक वर्षाचा घेतला आहे इतकेच.

गुणाकार झाल्यावर मात्र ही किलोमीटरची संख्या बाजूला ठेवावी. पुढे तिची गरज पडणार नाही.

लक्षात ठेवायचा आकडा: ६३,२४१

पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील सरासरी अंतराला खगोलीय एकक म्हणतात. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१२ मध्ये त्याचे मूल्य १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर असे कायम केले. आपण ते सुमारे १५ कोटी किलोमीटर म्हणून ओळखतो. हे अंतर कापायला प्रकाशाला ४९९ सेकंद, म्हणजे ८ मिनिटे १९ सेकंद लागतात.

आता वर्षाच्या एकूण सेकंदांना ४९९ ने भागावे. उत्तर ६३,२४१ च्या अगदी जवळ येते. याचा अर्थ असा की एका प्रकाशवर्षात ६३,२४१ खगोलीय एकके मावतात. पृथ्वीपासून सूर्यापर्यंतचे अंतर इतक्या वेळा एकापुढे एक ठेवले की एक प्रकाशवर्ष पुरे होते. या भागाकारात किलोमीटर कोठेही आले नाहीत आणि शून्यांची रांगही आली नाही. प्रकाशवर्षाविषयी एकच संख्या पाठ करायची असेल तर ती ही करावी.

झिरो माइलच्या स्तंभापासून

आता पट्टीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे एक खगोलीय एकक असे ठरवू. मग एक प्रकाशवर्ष म्हणजे ६३,२४१ सेंटिमीटर, अर्थात ६३२ मीटर झाले. सीताबर्डीजवळ चार घोड्यांच्या पुतळ्यांशेजारी झिरो माइलचा जो वालुकाश्माचा स्तंभ आहे, त्याच्या पायथ्याशी सूर्य ठेवू. ब्रिटिशांच्या भूमापनाच्या काळातील या स्तंभावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, बैतूल अशा गावांची अंतरे कोरलेली आहेत. ताऱ्यांची अंतरे मोजायला याहून योग्य जागा मला तरी दुसरी दिसत नाही.

या प्रमाणात सूर्याचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही थोडा कमी, म्हणजे साधारण डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढा होतो. त्यापासून एक सेंटिमीटरवर पृथ्वी असेल, पण ती इतकी लहान असेल की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणार नाही. नेपच्यून सूर्यापासून ३० सेंटिमीटरवर येतो, म्हणजे आठही ग्रहांच्या कक्षा एका मोठ्या ताटात बसतात. सप्टेंबर १९७७ मध्ये पृथ्वीवरून निघालेले आणि मानवनिर्मित वस्तूंमध्ये आज सर्वांत दूर पोहोचलेले व्हॉयेजर-१ हे यान अजून स्तंभापासून पावणेदोन मीटरच्या आसपासच आहे. जवळजवळ अर्धशतक सेकंदाला सतरा किलोमीटरच्या वेगाने जाऊनही ते जेमतेम माणसाच्या उंचीएवढे पुढे गेले आहे, हे मनात नीट ठरवून मग नकाशावर पुढे सरकावे.

प्रकाशाचा वेगही याच नकाशावर पाहता येतो. वर्षाला ६३२ मीटर म्हणजे दिवसाला १.७३ मीटर आणि तासाला सुमारे सात सेंटिमीटर. या मापात प्रकाश डोळ्यांना दिसणारही नाही इतका सावकाश सरकतो. व्हॉयेजरचा संदेश पृथ्वीवर यायला जवळजवळ पूर्ण दिवस का लागतो, हे पावणेदोन मीटर आणि १.७३ मीटर या दोन आकड्यांतून आपोआप कळते. नेपच्यूनपर्यंत प्रकाशाला चार तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, हेही ३० सेंटिमीटरना सात सेंटिमीटरने भागून काढता येईल.

सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी. तो ४.२५ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे या नकाशावर झिरो माइलपासून सुमारे २.७ किलोमीटरवर. सरळ रेषेत मोजल्यास दीक्षाभूमी जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे. सूर्याच्या भोवतीची सगळी ग्रहमाला झिरो माइलच्या पायथ्याशी एका ताटात आहे, आणि तेथून दीक्षाभूमीपर्यंत दुसरा एकही तारा नाही. मधली वस्ती, रस्ते आणि बाजार यांच्या जागी सगळी पोकळी आहे. प्रकाशवर्ष या एककाची गरज का पडली, याचे उत्तर याच पोकळीत आहे. ग्रहमालेसाठी खगोलीय एकक पुरते, पण पहिला शेजारी गाठायचा तर त्या एककाचे आकडे लाखांत जातात.

पुढचे तारेही असेच मांडावेत. बार्नार्डचा तारा सहा प्रकाशवर्षांना किंचित कमी, म्हणजे ३.८ किलोमीटरवर, फुटाळा तलावाच्या अलीकडे येतो. रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर, म्हणजे साडेपाच किलोमीटरवर, अंबाझरी तलावाच्या पलीकडच्या काठाजवळ. श्रवण १६.७ प्रकाशवर्षांवर, म्हणून कोराडीजवळ. अभिजित २५ प्रकाशवर्षांवर, म्हणजे सोळा किलोमीटरच्या आत, कामठी ओलांडताना. स्वाती ३७ प्रकाशवर्षांवर, बुटीबोरीच्या अलीकडे. रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर, म्हणजे ४१ किलोमीटरवर, एका दिशेला गेल्यास रामटेकच्या थोडी पुढे आणि दुसऱ्या दिशेला गेल्यास उमरेडपाशी. मघा ७९ प्रकाशवर्षांवर, काटोलच्या थोडी अलीकडे. चित्रा सुमारे २५० प्रकाशवर्षांवर असल्याने अमरावतीच्याही पुढे जाते आणि मृगातील राजन्य हा निळसर तारा, अंतर सुमारे ८६० प्रकाशवर्षे, नाशिक गाठायला आल्यावर सापडतो.

येथे एक खबरदारी घ्यावी. हा नकाशा फक्त अंतरे दाखवतो, दिशा दाखवत नाही. तारे वर-खाली, सर्व बाजूंना पसरलेले आहेत, त्यामुळे व्याध आणि बार्नार्डचा तारा नकाशावर पश्चिमेला आले म्हणून ते आकाशात एकमेकांजवळ असतील असे समजू नये. सोयीसाठी आपणच त्यांना ओळखीच्या जागा दिल्या आहेत.

राजन्यानंतर मात्र नकाशा अपुरा पडू लागतो. आपल्या आकाशगंगेचे केंद्र सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे या प्रमाणात साडेसोळा हजार किलोमीटरवर, आणि पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटरच आहे. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर असल्याने आपल्या नकाशात ती सुमारे १६ लाख किलोमीटरवर, खऱ्या चंद्राच्या अंतराच्या चौपट लांब जाते. एवढ्या अंतरावरची ही दीर्घिका अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसते. नागपूर शहरातल्या उजेडात ते शक्य नाही, पण महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे आणि तो भाग शहरापासून फार लांब नाही. नोव्हेंबरमधल्या अमावास्येच्या आसपास, रात्री आठ-नऊ वाजता, डोक्याच्या थोडे उत्तरेकडे धुरकट लांबट ठिपका शोधावा. साधी दुर्बीण हाताशी असेल तर उत्तमच.

ही अंतरे कळली कशी

सेंटिमीटरचा हा नकाशा आणखी एका कामाला येतो, आणि मला तो भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आकडा कोठून आला हे ठाऊक नसेल तर तो कितीही नीट समजला तरी उसनाच राहतो.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणजे आपल्या नकाशात ती झिरो माइलच्या पायथ्याशी एक सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढते. जानेवारीत ती स्तंभाच्या एका बाजूला असेल तर जुलैत दुसऱ्या बाजूला असते. त्यामुळे दीक्षाभूमीजवळ ठेवलेला प्रॉक्झिमा तारा, फार दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर, वर्षभरात किंचित पुढे-मागे सरकताना दिसतो. या सरकण्याला पराशय म्हणतात. दीक्षाभूमीवरून पाहिल्यास झिरो माइलजवळचा एक सेंटिमीटर ज्या कोनात दिसेल तोच प्रॉक्झिमाचा पराशय, आणि तो ०.७७ विकला भरतो. एका अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात आणि कलेच्या साठाव्या भागाला विकला. म्हणजे एका अंशात ३,६०० विकला. पावणेतीन किलोमीटरवरून एक सेंटिमीटर पाहण्याएवढी ही मोजणी नाजूक आहे, आणि ती सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या बाबतीतली.

म्हणूनच कोपर्निकसच्या नंतर तीनशे वर्षे प्रयत्न होऊनही पराशय कोणाच्या हाती लागत नव्हता. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेसेल यांनी १८३८ मध्ये हंस तारकासमूहातील ६१ सिग्नी या ताऱ्याचा पराशय मोजून जाहीर केला. तो त्यांना ०.३१४ विकला मिळाला. इतके मोठे अंतर वाचकांना कसे सांगावे, हा प्रश्न बेसेलनाही पडला असणार, कारण हे अंतर कापायला प्रकाशाला १०.३ वर्षे लागतील, असे त्यांनी नमूद केले होते. प्रकाशवर्ष हे नाव त्यानंतर, १८५१ मध्ये, जर्मन लोकविज्ञानाच्या लेखनात आले. आजच्या मापनाप्रमाणे ६१ सिग्नीचा पराशय ०.२८६ विकला आहे आणि अंतर ११.४ प्रकाशवर्षे. आपल्या नकाशावर तो सोनेगावच्या विमानतळापाशी येतो. सव्वासात किलोमीटरवरून एक सेंटिमीटर ओळखणे, तेही एकोणिसाव्या शतकातल्या यंत्राने, आणि चूक फक्त दहा टक्क्यांची. या कामाचे मोल शब्दांत सांगणे मला कठीण वाटते.

पराशयावरून अंतर काढण्याची रीत सोपी आहे. ३.२६ या संख्येला विकलांतील पराशयाने भागावे, की उत्तर प्रकाशवर्षांत मिळते. ६१ सिग्नीसाठी ३.२६ भागिले ०.२८६, म्हणजे ११.४. प्रॉक्झिमाचा पराशय ०.७६८ विकला घेऊन वाचकांनी स्वतः भागाकार करून पाहावा. ज्या ताऱ्याचा पराशय बरोबर एक विकला असेल त्याचे अंतर ३.२६ प्रकाशवर्षे, आणि त्यालाच पार्सेक म्हणतात. मापनातून थेट पार्सेकच मिळत असल्याने खगोलशास्त्रज्ञ आपल्या शोधनिबंधांत बहुधा पार्सेक वापरतात, तर प्रकाशवर्ष मुख्यतः सर्वसामान्य लेखनात आढळते. एखाद्या लेखात अंतर पार्सेकमध्ये दिले असेल तर त्याला ३.२६ ने गुणावे; किलोपार्सेक म्हणजे हजार पार्सेक आणि मेगापार्सेक म्हणजे दहा लाख पार्सेक.

युरोपीय अवकाश संस्थेच्या हिप्पार्कोस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात लाखभराहून अधिक ताऱ्यांचे पराशय मोजले आणि २०१३ मध्ये सोडलेल्या गाया यानाने ही संख्या शंभर कोटींच्या पलीकडे नेली. इतर दीर्घिकांसाठी मात्र पराशय चालत नाही. तेथे हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये मांडलेला, ठरावीक काळाने तेजस्वी आणि मंद होणाऱ्या सेफीड ताऱ्यांचा नियम कामाला आला: अशा ताऱ्याच्या आवर्तनकाळावरून त्याचे खरे तेज कळते, आणि तो किती मंद दिसतो यावरून अंतर. १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानीत असा तारा सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे ठरले.

अंतर आणि काळ यांची सांगड

'हा तारा लाखो प्रकाशवर्षांपूर्वी जन्मला' किंवा 'तेथे पोहोचायला चार प्रकाशवर्षे लागतील' अशी वाक्ये छापील मजकुरातही आढळतात. अशा वेळी प्रकाशवर्षाच्या जागी किलोमीटर घालून वाक्य वाचून पाहावे. 'लाखो किलोमीटरपूर्वी जन्मला' हे वाक्य चुकीचे आहे हे कोणालाही लगेच जाणवते, आणि त्याच कारणाने मूळ वाक्यही चुकीचे आहे.

मात्र प्रकाशवर्षाचा काळाशी एक खरा संबंध आहे, आणि या एककाचा सर्वांत मोठा गुण मी तोच मानतो. तारा जितक्या प्रकाशवर्षांवर असेल तितक्या वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आज आपल्याला दिसतो, त्यामुळे अंतराचा आकडा वाचताच प्रकाश केव्हा निघाला हेही कळते. किलोमीटर किंवा पार्सेक यांतून हे थेट कळत नाही.

याचा सराव प्रत्यक्ष आकाशाखाली करावा. मेच्या शेवटी रात्री दहाच्या सुमारास नागपुरात जवळजवळ डोक्यावर नारिंगी रंगाचा स्वाती दिसतो. ज्यांचे वय सदतीसच्या आसपास आहे त्यांच्या जन्माच्या वेळी निघालेला प्रकाश त्यांना तेथे भेटेल. पंचविशीतल्यांनी अभिजित पाहावा, शाळकरी मुलांनी व्याध किंवा ११.५ प्रकाशवर्षांवरचा प्रश्वा पाहावा, आणि त्रेचाळिशीतल्यांना ब्रह्महृदय आहे. हिवाळ्यात रोहिणीचा जो तांबूस प्रकाश दिसतो तो महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या सुमारास, म्हणजे १९६० च्या आसपास, तेथून निघाला होता, आणि मघेचा प्रकाश स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षांतला आहे. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास दक्षिण क्षितिजाच्या थोडा वर तेजस्वी अगस्त्य दिसतो. त्याचे अंतर सुमारे ३१० प्रकाशवर्षे आहे, म्हणजे त्याचा प्रकाश निघाला तेव्हा गोंड राजा बख्त बुलंद शाह यांनी वसवलेले नागपूर अगदी नवे होते. कृत्तिकांचा प्रकाश सुमारे ४४० वर्षांचा, म्हणजे हे शहर वसण्याच्याही शंभराहून अधिक वर्षे आधीचा.

यातूनच एक गैरसमज पसरला आहे, आणि तो मला खटकतो. आपल्याला दिसणारे बहुतेक तारे आता अस्तित्वातच नाहीत, असे अनेक ठिकाणी ठामपणे सांगितले जाते. हे खरे नाही. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे बहुतेक सर्व तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत, म्हणजे त्यांची बातमी फार तर काही हजार वर्षे जुनी आहे. ताऱ्यांचे आयुष्य मात्र फार मोठे असते. सूर्यासारखा तारा सुमारे हजार कोटी वर्षे जगतो आणि सर्वांत भारी, सर्वांत अल्पायुषी ताऱ्यांनाही काही दशलक्ष वर्षे मिळतात. मृगातील काक्षी, म्हणजे बीटलज्यूझ, हा तांबडा महाराक्षसी तारा आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात आहे हे खरे, पण त्याचा स्फोट येत्या लाखभर वर्षांत केव्हातरी होईल असा अंदाज आहे आणि त्याचे अंतर साधारण पाचशे ते सातशे प्रकाशवर्षे आहे. तो या मधल्या काळात आधीच फुटला असण्याची शक्यता शेकड्यात एकाहूनही कमी ठरते. रात्री दिसणारे तारे आजही आहेत, असे मुलांना निःशंकपणे सांगावे.

स्फोट झालेल्या ताऱ्याची तारीख कशी लिहितात, हेही येथे पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या एका लहान दीर्घिकेत, अतिनवतारा (स्फोट होऊन अचानक तेजस्वी झालेला तारा) दिसला आणि त्याला १९८७ए असे नाव मिळाले. तो मेघ सुमारे १.६ लाख प्रकाशवर्षांवर आहे, म्हणून स्फोट तेवढ्या वर्षांपूर्वीच झाला होता, पण नाव देताना प्रकाश पृथ्वीवर पोहोचला ते वर्ष घेतात. अंतराच्या मापनात काही हजार प्रकाशवर्षांची अनिश्चितता सहज असते, तर प्रकाश दिसला ती तारीख सर्वांना निश्चित ठाऊक असते. म्हणून ही पद्धत योग्यच आहे.

बातमीतील आकडे वाचताना

खगोलशास्त्राच्या बहुतेक बातम्या इंग्रजीतून येतात आणि मराठीत उतरताना त्यांतील संख्या वारंवार बिघडतात. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी किंवा एक अब्ज, आणि ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी, एवढे पक्के असले तरी बऱ्याच चुका टळतात. देवयानी 'अडीच कोटी' प्रकाशवर्षांवर असल्याचे कोठे दिसले, तर मूळ आकडा २.५ मिलियन होता आणि एक शून्य वाढले आहे, हे लगेच ओळखता येईल. पडताळ्यासाठी तीन टप्पे मनात ठेवावेत. आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे, त्यामुळे डोळ्यांनी वेगळा दिसणारा तारा लाखो प्रकाशवर्षांवर असू शकत नाही. शेजारच्या मोठ्या दीर्घिका काही लाख ते काही कोटी प्रकाशवर्षांवर आहेत. त्यापलीकडे शेकडो आणि हजारो कोटींचे आकडे सुरू होतात.

या शेवटच्या टप्प्यात एक वेगळी अडचण येते. तिचा उलगडा बातमीत क्वचितच केलेला असतो, म्हणून तो येथे करतो. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे, आणि तरीही दृश्य विश्वाची, म्हणजे जेथून प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचू शकला आहे तेवढ्या विश्वाची, सीमा आपल्यापासून सुमारे ४,६५० कोटी प्रकाशवर्षांवर असल्याचे सांगतात. प्रकाशाला तर १,३८० कोटी वर्षांहून अधिक काळ मिळालेलाच नाही, मग हे कसे, असा प्रश्न विचारी वाचकाला पडतो, आणि तो पडायलाच हवा. उत्तर असे की प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावत होते. प्रकाशाने जो भाग मागे टाकला तो भागही नंतर ताणला गेला आणि ज्या वस्तूपासून प्रकाश निघाला ती वस्तू आज कितीतरी दूर गेली आहे. त्यामुळे अतिदूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत दोन वेगळे आकडे निघतात: प्रकाशाला प्रवासात लागलेली वर्षे, आणि आज त्या वस्तूपर्यंतचे अंतर. जीएन-झेड११ या दीर्घिकेचा प्रकाश सुमारे १,३४० कोटी वर्षे प्रवास करून आपल्यापर्यंत आला आहे, तर तिचे आजचे अंतर सुमारे ३,२०० कोटी प्रकाशवर्षे आहे. एका बातमीत पहिला आकडा येतो, दुसरीत दुसरा येतो, आणि दोन्हींच्या पुढे 'प्रकाशवर्षे दूर' असेच लिहिलेले असते.

जवळच्या ताऱ्यांच्या आणि देवयानीसारख्या शेजारच्या दीर्घिकांच्या बाबतीत या फरकाचा विचार करण्याची गरज नाही. काही कोटी प्रकाशवर्षांपर्यंत दोन्ही आकडे व्यवहारात एकच असतात. आकडा शंभर कोटींच्या पुढे गेला की मात्र तो प्रवासाचा काळ आहे की आजचे अंतर, हे मजकुरात शोधावे. तसा उल्लेख नसेल आणि आकडा १,३८० कोटींहून लहान असेल, तर बहुधा प्रवासाची वर्षे दिलेली असतात. आकडा त्याहून मोठा असेल, तर ते आजचे अंतरच असते, कारण विश्वाच्या वयापेक्षा जास्त काळ कोणताही प्रकाश प्रवास करू शकलेला नाही.